इथिओपियाची भावंडं, एकटी आई : पहिले सहा महिने

प्रश्न असा आहे : "मी ४२ वर्षांची, अविवाहित, पुण्यात नोकरी करते. 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणामार्फत पाच आणि सात वर्षांची भावंडं घरी येण्याची शक्यता आहे. तुम्ही अमेरिकेत इथिओपियातून दत्तक आलेल्या मुलांच्या एकट्या आयांबरोबर बरीच वर्षं काम केलंत असं कळलं. मुलं मोठी, भाषा वेगळी, बाई एकटी. त्यांचे पहिले महिने खरंच कसे गेले? कौतुकाच्या गोष्टी नकोत. माझी आई माझ्याबरोबर राहते, तिला नातवंडांची फार घाई झाली आहे. तिला काय सांगू?"

कौतुकाच्या गोष्टी नकोत म्हणालात ते बरं झालं. त्या विमानतळावरच्या फोटोपाशी संपतात. फुगे, रंगवलेली पाटी, भेदरलेली दोन मुलं आणि रडणारी मावशी. माझं काम त्यानंतरच्या मंगळवारी सुरू व्हायचं, पाहुणे आपापल्या घरी गेल्यावर.

मुद्द्याचं आधी सांगते. पहिल्या सहा महिन्यांत मुलांनी आपल्यावर प्रेम करावं ही अपेक्षा बाजूला ठेवा, आणि आपल्याला त्यांच्याबद्दल माया वाटलीच पाहिजे ही तर आणखी लांब ठेवा. त्या काळात मुलं तीनच गोष्टी तपासत असतात : खायला कोण देतं, रात्री कोण उठतं आणि बाहेर गेलेलं कोण परत येतं. तिन्हींचं उत्तर एकच बाई असेल तर बाकीचं मागून येतं. आता हे एकटीनं करायचं म्हणजे मदत लागणारच, दोघांच्या घरापेक्षा जास्तच लागणार. पण मदतीचे हात घराला लागले पाहिजेत, मुलांना नव्हे. भांडी दुसऱ्या कुणी घासावीत, घास तुम्ही भरवावा. जी घरं सावरली तिथे हे पाळलं गेलं होतं. जी लवकर कोलमडली तिथे बहुधा उलटं चाललेलं असायचं : आई ओट्यापाशी आणि मुलं पाहुण्यांच्या मांडीवर.

आधी ही मुलं आणि या आया कोण होत्या ते थोडक्यात. इथिओपियातून परदेशी दत्तक आता बंद आहे. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या संसदेनं त्यावर कायद्यानं बंदी घातली. त्याआधी मात्र ओघ मोठा होता. २०१० या एका वर्षात सुमारे अडीच हजार मुलं इथिओपियातून अमेरिकेत आली. त्या वर्षी फक्त चीनचा आकडा याहून मोठा होता. चीननं २००७ मध्ये अविवाहितांना दार लावून घेतलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच बायका इथिओपियाच्या राजधानीकडे, अदिस अबाबाकडे वळल्या, कारण तिथे एकट्या बाईला मूल मिळत होतं. शिक्षिका, नर्स, लायब्ररीत काम करणाऱ्या. बहुतेक चाळिशीच्या आसपासच्या. अनेकींनी मनात एक मूल धरलेलं असायचं आणि एजन्सीकडून फाइल यायची ती भावंडांची.

मुलं बरीचशी देशाच्या दक्षिणेकडची असत : वोलायता, हदिया, कंबाटा, सिदामा. अमेरिकेतली आई महिनोन्महिने सीडी लावून अम्हारिक पाठ करायची, आणि मुलं घरी आल्यावर आपसात वोलायता भाषेत बोलायची. अम्हारिक त्यांना अदिसच्या संस्थेत काही महिन्यांत कानावर पडली तेवढीच. तरी पाच-दहा शब्द फार कामाला येत. 'शिंत बेत' म्हणजे संडास, 'वुहा' म्हणजे पाणी, आणि 'आयझोश' : रडणाऱ्या मुलीला पाठीवरून हात फिरवत म्हणतात ते. मुलगा असेल तर 'आयझोह'. एक गोष्ट मात्र कुठल्याच सीडीत नव्हती. इथिओपियात 'हो' म्हणताना बरेच लोक श्वास झटकन आत ओढतात, दचकल्यासारखा. नव्या आयांना वाटायचं, मूल प्रत्येक प्रश्नाला घाबरतंय. ते बिचारं 'हो, भूक लागलीय' म्हणत असायचं.

आणखी एक बाब, जिचा परिणाम पुढे कित्येक महिने दिसायचा. २०१० पासून इथिओपियानं दोन फेऱ्या सक्तीच्या केल्या. पहिल्या फेरीत आईनं मुलांना भेटायचं, न्यायालयात उभं राहायचं आणि मुलांना तिथेच ठेवून परतायचं. मग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, व्हिसाच्या वेळी पुन्हा जाऊन त्यांना आणायचं. २०११ मध्ये तिथल्या मंत्रालयानं दिवसाला पाचच प्रकरणं हाताळायचं ठरवलं, तेव्हा वाट पाहणं आणखी लांबलं. गैरव्यवहार रोखायला फेऱ्यांचा नियम योग्यच होता. पण मुलाच्या बाजूनं पाहा : ही बाई येते, चॉकलेट देते, आई म्हणवून घेते आणि निघून जाते. पुढे अमेरिकेत ती कचरा टाकायला दाराबाहेर गेली तरी मूल का किंचाळतं, हे मग समजावून सांगावं लागत नाही.

आता रात्रीबद्दल. अदिस आणि अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य यांच्या घड्याळांत आठ-नऊ तासांचं अंतर. पहिला आठवडाभर मुलं रात्री दोनला टक्क जागी आणि भुकेली. त्या वेळी दिवे लावून, टीव्ही लावून दिवस सुरू करायचा नाही. मिणमिणत्या उजेडात केळं, पाव, पाणी, आणि पुन्हा अंथरूण. खरी अडचण वेगळीच असायची. आईनं प्रत्येकासाठी सुंदर खोली सजवलेली : भिंतीवर जिराफ, छताला चमकणारे तारे. या मुलांनी आयुष्यात एकदाही एकट्यानं झोप घेतलेली नसे. गावात सगळं घर एका खोलीत, संस्थेत एका खोलीत डझनभर पलंग. स्वतंत्र खोली ही त्यांना शिक्षा वाटायची. मी सांगायची, गाद्या उचला आणि तुमच्या पलंगाच्या बाजूला जमिनीवर टाका. सोशल वर्कर अहवालात काय लिहील म्हणून आया घाबरायच्या, वेगळ्या खोल्यांचं त्यांनी होम स्टडीत, म्हणजे दत्तकाआधीच्या घराच्या पाहणीत, कबूल केलेलं असे. मी माझ्या अहवालात स्वच्छ लिहायची : मुलं आईच्या खोलीत झोपतात, आणि तेच योग्य आहे. आपल्याकडे हा प्रश्नच नाही म्हणाल. पण हल्ली पुण्यातल्या फ्लॅटमध्येही मुलांच्या खोल्या सजवल्या जातात, तेव्हा सांगून ठेवते.

खाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पहिल्या महिन्यात नातं तिथेच बांधलं जातं. इथिओपियाचं रोजचं अन्न म्हणजे इंजेरा, टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मोठी मऊ पोळी, आणि त्यावर तिखट कालवणं. अमेरिकन गोडसर पाव, चीज, ग्लासभर थंड दूध या मुलांना सोसत नसे. दुधानं पोट बिघडायचं ते वेगळंच. चालायचं काय, तर भात, उकडलेली अंडी, केळी, मसूर आणि पास्ता. पास्ता ऐकून आया चकित व्हायच्या, पण इटालियनांच्या संबंधातून तो इथिओपियाच्या शहरांत इतका रुळलाय की संस्थांमध्येही मिळायचा. बर्बेरे नावाचा त्यांचा लाल मसाला भुरभुरला की कुठलंही ताट ओळखीचं व्हायचं.

मग अन्न लपवणं. उशीच्या अभ्र्यात पाव, बुटात केळं, खिशात चिकनचं हाड. आईला किळस येते, मुंग्या होतात, आणि 'इतकं देतेय तरी विश्वास नाही' म्हणून मनाला लागतं ते वेगळं. झडती घ्यायची नाही. मुलाच्या हाताला येईल अशा फळीवर एक डबा ठेवायचा : हा तुझा, संपला की मी भरते. तो कधीच रिकामा दिसता कामा नये. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात अशा मुलांवर आयुष्यभर काम केलेल्या कॅरिन पर्विस दर दोन तासांनी खाणं-पाणी द्या असं सांगत, आणि ते अक्षरशः पाळलं की दुपारचे अर्धे तमाशे आपोआप कमी होतात. उपाशी राहिलेल्या शरीराला भूक आणि धोका यांतला फरक पटकन कळत नाही.

इथिओपियात जेवताना एकमेकांच्या तोंडात घास भरवतात, त्याला गुरशा म्हणतात. अमेरिकन आयांना सहा वर्षांच्या मुलाला हातानं भरवणं विचित्र वाटायचं. 'त्याला स्वतःचं स्वतः खाता येतं' असं शेजारपाजारचे म्हणत. तुम्हाला हे समजावून सांगायला नको. फक्त एवढंच, की मूल मोठं आहे म्हणून हात आखडू नका.

वैद्यकीय बाजू पटकन सांगते, ती तुलनेनं सोपी असते. शौचाचे तीन नमुने वेगवेगळ्या दिवशीचे तपासायचे, एकावर भागत नाही. जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी या मुलांत अगदी नेहमीचा. डोक्यातला नायटा, खरूज. क्षयाची तपासणी आल्या आल्या आणि पुन्हा तीन ते सहा महिन्यांनी, हिपॅटायटिस बीची सहा महिन्यांनी परत. लसींच्या कागदांवर भिस्त ठेवायची नाही. आणि वयाबद्दल शांत राहायचं. इथिओपियाचं कॅलेंडर तेरा महिन्यांचं आणि आपल्याहून सात-आठ वर्षं मागे, त्यातून खेड्यात जन्माची नोंद नाही. कागदावर पाच लिहिलेली मुलगी सात वर्षांची निघणं नेहमीचंच. कुपोषित मुलांत हाडांच्या एक्स-रेवरूनही नक्की वय सांगता येत नाही. वर्षभर अंग भरू द्यायचं, दात बघायचे, मग काय ते ठरवायचं.

पहिले तीन-चार आठवडे बहुधा बरे जातात. मुलं हसतात, ताटं उचलतात, कुणाच्याही गळ्यात पडतात. नातेवाईक म्हणतात, किती गोड, किती लवकर रुळली. ही रुळलेली नसतात. ती पाहुण्यासारखी वागत असतात, आणि जो येईल त्याच्या मांडीवर जाऊन बसणं हे मायेचं लक्षण नाही. अजून एकही माणूस आपलं म्हणून ठरलेलं नाही, याचं ते लक्षण आहे. मग एखाद्या दिवशी पिवळ्या कपाऐवजी निळा कप दिला एवढ्यावरून तासभर आकांत. लाथा, थुंकणं, चावणं. एकटी आई म्हणते, आता माझं चुकायला लागलं. मी तिला सांगायची, आता ती घरी यायला लागली. अशा वेळी खोलीत कोंडायचं नाही, कोपऱ्यात उभं करायचं नाही. जवळ बसायचं, हाताच्या अंतरावर, फार न बोलता. दुसऱ्या मुलाला मारणार असेल तर मध्ये बसायचं. ओसरलं की पाणी द्यायचं, तोंड पुसायचं, काही खायला द्यायचं. शिकवण त्या वेळी नको.

भावंडांत थोरली मुलगी असेल तर तिच्याकडे नीट बघा. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील एकत्र करून सांगते. सात वर्षांची बहीण, चार वर्षांचा भाऊ. जेवायला बसले की ती आधी स्वतःच्या पावाचे तुकडे करणार, मोठा तुकडा भावाच्या ताटात ठेवणार, त्याचं खाऊन होईपर्यंत स्वतः तोंडात काही घालणार नाही. त्यानं सांडलं की फटकन मारणार. त्याला लघवीला लागली तर आईच्या आधी उठणार. आईनं प्रेमानं सांगितलं, 'तू लहान आहेस, हे माझं काम', तर तिनं ताट ढकललं आणि दोन दिवस आईशी बोलली नाही. साहजिक आहे. आजवर हा पोरगा जिवंत राहिला तो तिच्यामुळे, निदान तिची तशी खात्री आहे. आणि ही नवी बाई येऊन तिची नोकरी काढून घेतेय, तीही आपल्याला काय येतं ते न दाखवता.

आम्ही केलं ते असं. आईनं तिच्या हातातलं काही काढून घेतलं नाही, स्वतः तिच्या बाजूला बसायला लागली. पाव दोघींनी मिळून मोडायचा. मग आई थोरलीला विचारायची : त्याला काय आवडतं? झोपताना तो कुठल्या कुशीवर वळतो? मुलगी श्वास आत ओढून हो म्हणायची, हातवारे करून दाखवायची. एक प्रकारे ती कारभार सोपवत होती. काही आठवड्यांनी आई त्याला भरवायची तेव्हा ती नुसती बघत बसायला लागली. पुढे एकदा भाऊ पडला, रडला, आणि ती जागची उठली नाही. आई उठते का ते तिनं पाहिलं. आई उठली. त्याच संध्याकाळी या मुलीनं पहिल्यांदा स्वतःसाठी दुसरा पाव मागितला. पुढच्या आठवड्यात ती लहान बाळासारखी बाटलीतून पाणी मागायला लागली, अंथरूण ओलं करायला लागली. आई घाबरून फोनवर म्हणाली, ही मागे चाललीय. चालू द्या म्हटलं. बाटली घेऊन या, मांडीवर घ्या.

आता यात बाई एकटी. अंघोळ कधी करायची? दाराबाहेर दोन मुलं हंबरडा फोडत असताना तीन मिनिटांत. तिला ताप आला तर? रात्री साडेतीनला मूल चावतं तेव्हा 'आता तू बघ' असं म्हणायला कुणी नाही. म्हणून मुलं यायच्या आधी मी प्रत्येकीकडून कागदावर लिहून घ्यायची : आठवड्यातून दोनदा जेवण कोण आणून दारात ठेवेल, कपडे कोण नेऊन धुऊन आणेल, रात्री कुठल्याही वेळी फोन उचलणारी व्यक्ती कोण. शेवटची सर्वांत महत्त्वाची. तिनं सल्ला द्यायचा नाही, नुसतं ऐकायचं. आणि एक जण असा, जो पहिल्या दिवसापासून घरात येऊन-जाऊन असेल, म्हणजे आई आजारी पडली तर मुलांजवळ बसणारा चेहरा नवा नसेल. बाकी सगळ्यांना सांगायचं की मुलांना उचलू नका, भरवू नका, खाऊ देऊ नका. मुलानं मागितलं तर 'आईला विचार' म्हणा. लोक दुखावतात. एका चर्चमधल्या बायका तर रुसूनच बसल्या होत्या. दुखावू द्या, सहा महिन्यांनी समजूत काढता येते.

आयांना ज्याची सर्वांत कमी तयारी असायची ती गोष्ट साधारण चौथ्या-सहाव्या महिन्यात यायची, मुलांना इंग्रजी पुरेसं आलं की. फाइलमध्ये लिहिलेलं असायचं : वडील वारले, आईचा पत्ता नाही. आणि मग एका रविवारी केस विंचरताना हकिकत बाहेर यायची. या मुलींचे केस म्हणजे दीड-दोन तासांचं काम : पाण्याचा फवारा, भरपूर कंडिशनर, रुंद दातांचा कंगवा, टोकाकडून मुळाकडे, मग तेल किंवा शिया बटर आणि वेण्या. रोज धुवायचे नाहीत, कोरडे पडतात. पण या कामाचा एक फायदा असा की मूल पाठमोरं आईच्या गुडघ्यांत बसलेलं असतं, नजरेला नजर द्यावी लागत नाही. अशाच वेळी एकीनं सांगितलं, 'माझ्या आईची गाय काळी. आईचा पाय दुखतो. आई म्हणाली, शिकून ये.'

कंगवा तसाच चालू ठेवायचा. हे मी आयांकडून करून घ्यायची, अक्षरशः सराव करून. थांबून मुलीला आपल्याकडे वळवायचं नाही, 'म्हणजे ती जिवंत आहे?' असं ओरडायचं नाही, आणि 'पण आता तुझी आई मीच ना' हे तर अजिबात नाही. 'काळी गाय. आणखी सांग.' एवढंच. मूल झोपल्यावर, मुलीच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत उतरवायचं, स्वतःचे तर्क न जोडता. नवशिक्या इंग्रजीत भूतकाळ नसतो, तेव्हा 'दुखतो'वरून लगेच निष्कर्षही काढायचा नाही. पण खूप वेळा आई, आजी, मामा खरोखर होते. गरिबीपायी, आजारपणापायी मूल दिलेलं. आणि काही घरांची समजूत अशी करून दिलेली, की मूल शिकून परत येईल किंवा तिकडून पैसे पाठवेल. बंदीमागे हेही एक कारण होतं. मग प्रश्न यायचा, शोध घ्यायचा का. माझं मत कायम हेच राहिलं की घ्यावा, तिथल्या विश्वासू माणसामार्फत, सावकाश, मुलाला आधी शब्द न देता. वाट पाहत राहिलं तर माणसं वारतात आणि पत्ते पुसले जातात. मुलीला मात्र लगेच सांगायचं ते एवढंच : तुला आई आहे, तुला आठवते, आणि तिच्याबद्दल माझ्याशी कधीही बोल. हे वाक्य म्हणताना दत्तक आईच्या पोटात खड्डा पडतो. एकटीला तर जास्तच. रात्री त्यावर बोलायला कुणी नसतं.

तुमच्या बाबतीत कागदपत्रं वेगळी असतील. पण सात वर्षांच्या मुलाला भूतकाळ असतो, आणि 'काही आठवत नाही' असं संस्थेनं सांगितलं तरी तो असतोच.

घराबाहेरचं थोडंसं. गोऱ्या बाईबरोबर दोन काळी मुलं पाहून दुकानात कुणीही विचारायचं, 'यांना किती पडले?' मुलं ऐकत असतात, इंग्रजी येत नसलं तरी सूर कळतो. 'ही माझी मुलं' एवढं बोलून पुढे व्हायचं. इथिओपियन दुकानात, चर्चमध्ये घेऊन जाणं चांगलंच, तिथल्या बायका वेण्या शिकवतात, भरभरून खाऊ घालतात. पण पहिल्या भेटीत काही मुलं आईच्या मागे लपतात, आपली भाषा ऐकू येत असूनही तोंड उघडत नाहीत. त्यांना वाटतं, आता परत पाठवणार. एक-दोन महिने थांबून, आणि 'आपण सगळे मिळून घरी परत येणार' हे आधी सांगून जावं. कुत्र्यांचं विसरू नका. बहुतेक मुलांना कुत्र्याची जिवाच्या आकांताची भीती, आणि अमेरिकेत प्रत्येक तिसऱ्या दारात तो शेपूट हलवत उभा.

आईच्या मनाचंही बोलायला हवं. बाळंतपणानंतर नैराश्य येतं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, दत्तकानंतरही येतं हे फारसं कुणी सांगत नाही. सहा वर्षं वाट पाहिली, कर्ज काढलं, आणि आता मुलं समोर असताना काहीच वाटत नाही. उलट ती झोपली की बरं वाटतं. असं मला सांगताना बायका दार लावून घ्यायच्या. पहिल्या महिन्यांत हे इतकं सर्रास असतं की मी स्वतःहूनच विचारायची. हातानं करत राहायचं : भरवणं, विंचरणं, पांघरूण घालणं. माया पुष्कळदा हातांच्या मागून येते. पण मुलं झोपल्यावरही झोप येत नसेल, हात उगारला जात असेल, मुलांना दुखवण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर. यात लाज नाही आणि उशीरही नको.

हे ठासून सांगण्याचं कारण आहे. २०११ मध्ये वॉशिंग्टन राज्यात हाना विल्यम्स ही इथिओपियातून आलेली मुलगी थंडीत घराबाहेर मरण पावली. तिला शिक्षा म्हणून उपाशी ठेवलं जाई, बाहेर काढलं जाई. २०१३ मध्ये दत्तक आईवडील दोषी ठरले. ते टोकाचं क्रौर्य होतं, साध्या थकलेल्या आईशी त्याची तुलना नाही. तरी अन्न तोडणं आणि घराबाहेर काढणं या दोन गोष्टी अशा मुलांच्या बाबतीत गमतीतसुद्धा, धमकी म्हणूनसुद्धा करायच्या नाहीत. 'ऐकलं नाहीस तर संस्थेत परत सोडेन' हे आपल्याकडे सहज तोंडातून जातं. आजी-आजोबांच्याही.

नोकरीवर परत जाणं हा एकटीचा खरा घाट. अमेरिकेत पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीत दत्तकासाठी बारा आठवड्यांची रजा कायद्यानं मिळते, पण बिनपगारी. त्यामुळे बऱ्याच जणी सहाव्या-आठव्या आठवड्यातच कामावर जायच्या, म्हणजे वादळ सुरू होण्याच्या ऐन वेळी. ज्यांना शक्य होतं त्या रजेचे तुकडे करत : आधी सलग सहा आठवडे, मग अर्धा दिवस. जाण्याचा सराव घरातूनच करायचा. दाराबाहेर दोन मिनिटं, मग दहा, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. दर वेळी 'मी जाते, मी परत येते' हेच शब्द, आणि दर वेळी खरोखर सांगितल्या वेळेला. चोरून, मुलांची नजर चुकवून कधीच निघायचं नाही. पाच वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, 'दुपारचं खाल्लं, झोपून उठलास, की मी' हे कळतं. तुमच्या ऑफिसकडून रजेचं काय ते आत्ताच लेखी घ्या, आणि शाळेत घालायची घाई करू नका. वयाहून एक इयत्ता खाली बसवलं तरी काही बिघडत नाही.

आता तुमच्या आईंबद्दल. घरात आणखी एक मोठं माणूस असणं ही माझ्या अमेरिकन आयांना स्वप्नातही न मिळालेली चैन आहे, तेव्हा त्यांना दूर ठेवू नका, कामं वाटून द्या. पहिले काही महिने स्वयंपाक, कपडे, दारावर येणाऱ्यांना वाटेला लावणं हे त्यांचं. भरवणं, अंघोळ, झोपवणं, लागलं तर फुंकर घालणं तुमचं. मूल त्यांच्याकडे गेलं तर त्यांनी हाकलायचं नाही, हात धरून तुमच्यापर्यंत आणून सोडायचं. हे त्यांना मुलं येण्याआधी सांगा, कारणासकट. आल्यावर सांगितलं तर ते टोचेल. आणि त्यांना मांडीवर कधी घेता येईल असं त्या विचारतीलच. मूल पडल्यावर भर गर्दीत तुम्हाला शोधत यायला लागलं, की मग खुशाल. कुणाला चार महिने लागतात, कुणाला वर्ष. तोवर समोर बसून रोज रात्री गोष्ट सांगायला त्यांना काहीच हरकत नाही, फक्त राक्षस मुलांना पळवून नेतो ती सांगू नये.